खुशालीवाला

आमच्या घरी राहायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याचा फॉर्म मी भरला, आणि त्यात परदेशी माणूस म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. फोटोही स्वतःचाच लावला.

कसं झालं ते सांगतो. परदेशी माणूस कुणाच्या घरी राहायला आला की घरमालकानं पोलिसांकडे त्याची नोंद करायची असते, ऑनलाइन. अमडापूरच्या सेतू केंद्रात हे काम पाच मिनिटांत झालं असतं. पण मी बी.कॉम. आहे. अमडापूरच्या बाजाराच्या रस्त्यावर माझं खत-बियाण्याचं दुकान आहे आणि आमच्या गावातले निम्मे लोक पीकविम्याचे अर्ज माझ्याकडून भरून घेतात. म्हटलं, हा तर डाव्या हातचा मळ. मोबाइल काढला. पहिल्याच रकान्यात ‘नाव’ होतं. फॉर्म भरणारा मी, तेव्हा माझं नाव. फोटो मागितला, दिला. पासपोर्टचा नंबर मागितला, तो माझ्याकडे नव्हता म्हणून झेरॉक्सवरून त्याचा टाकला. भारतात कधी आलात, असं विचारलं. मी माझी जन्मतारीख टाकली. ती काही फॉर्म घेईना. शहाण्या माणसानं तिथं थांबून विचार केला असता. मी त्याची विमानाची तारीख टाकली आणि पुढं गेलो. मूळ देश टांझानिया. कायमचा पत्ता मु.पो. आमचं गाव, तालुका चिखली, जिल्हा बुलडाणा.

“झालं काम,” मी मायला म्हटलं.

“एवढ्या लवकर?” माय म्हणाली. तिला माझा अनुभव आहे.

तर हा विद्यार्थी. वय अडतीस. विद्यार्थी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तसला नव्हता. त्याच्या देशात तो शेती खात्यात अधिकारी होता, बायको होती, दोन मुली होत्या. खात्यानं दोन वर्षांची रजा देऊन त्याला आमच्याकडच्या शेतकी कॉलेजात एम.एस्सी.ला धाडलं होतं. विषय तुरीवरचा मर रोग. त्यांच्याकडे तूर भरपूर पिकते आणि जहाजात बसून आपल्याकडे येते, हे मला त्याच्याकडून कळलं. शेजारचे आबाजी हे ऐकून भडकले. “म्हंजे आमच्या तुरीचा भाव तुम्हीच पाडता काय?” त्यानं शांतपणे सांगितलं, “म्हनून तर आलो आबाजी. तिले परत न्यायले.”

पहिलं वर्ष तो हॉस्टेलवर होता. दिवाळीला हॉस्टेल बंद झालं, तेव्हा तिथले एक सर, माझ्या दुकानाचं गिऱ्हाईक, म्हणाले, चार दिवस ठेवून घ्या. तो चार दिवसांसाठी आला आणि दीड वर्ष राहिला. पहिल्या दिवशी त्याचं कपाळ चौकटीला तीनदा आपटलं. चौथ्यांदा आपटायच्या आत मायनं चौकटीवर जुन्या गोधडीचा तुकडा ठोकला.

त्याला गावानं नाव ठेवलं खुशालीवाला. त्यांच्याकडे म्हणे रीतच आहे. कुणी भेटलं की कामाचं एकदम बोलायचं नाही. आधी झोप विचारायची, मग घर, मग लेकरं, मग काम, मग गुरंढोरं. समोरच्यानंही प्रत्येक गोष्टीला आधी ‘बरं’ म्हणायचं. रडायचं असेल तर ते नंतर. ही रीत त्यानं हॉस्टेलवर शिकलेल्या आणि मायनं पक्क्या केलेल्या मराठीत जशीच्या तशी आणली. शेजारी आबाजींच्या घरी, काकूंकडे, काही मागायला गेला तरी आधी हे:

“राम राम काकू. रात्री झोप लागली? घरी सगळे बरे? आबाजीचा गुडघा बरा? सूनबाई बरी? म्हैस बरी? वासरू बरं? विहिरीले पानी हाय?”

एवढं झाल्यावर मग, “सांडशी पायजे होती.”

घरापासून एस.टी.चा थांबा दहा मिनिटांवर. तो साडेआठच्या गाडीसाठी सात वाजता निघायचा. एकदा गाडी सुटता सुटता त्यानं ड्रायव्हरला घरचं विचारलं. ड्रायव्हरच्या सासऱ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. गाडी बारा मिनिटं उभी राहिली आणि आतल्या पॅसेंजरनीही, कोणत्या दवाखान्यात, कोणत्या डॉक्टरकडे, असं करत भाग घेतला.

पहिल्या आठवड्यात लोक त्याला बघायला यायचे. कामाचं निमित्त काढून अंगणाशी उभे राहायचे आणि नुसते बघायचे. मला लाज वाटायची. मी त्याला म्हटलं, मनावर घेऊ नको. तो म्हणाला, “पाहू दे ना. पाह्यलं की बोलाव लागते.” आणि जो बघत उभा राही त्याच्याकडे तो स्वतः चालत जाऊन झोपेपासून विहिरीपर्यंत सगळं विचारी. बरेच जण म्हशीपर्यंतच टिकायचे. जे विहिरीपर्यंत टिकले ते त्याचे दोस्त झाले.

मला मात्र वाटायचं, हा माणूस वेळ फार घालवतो. शिकायला आलाय, दोन वर्षं मोजून आहेत. एक दिवस मी त्याला समजावलं, जरा मोठ्या भावाच्या आवाजात, खरं तर तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. “हे पाय, इकडे एवढं इचारत नसतात. सीधं कामाचं बोलाव.”

त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या दारात जाऊन म्हणाला, “काकू, सांडशी.” सांडशी घेतली, निघाला. किराणावाल्याला म्हणाला, “साबण.” थांब्यावर कुणाशी बोलला नाही.

दुपारी काकू आमच्याकडे. “काहो बाई, आमचं काही चुकलं काय? खुशालीवाला रुसला काऊन?” संध्याकाळपर्यंत सात माणसं येऊन गेली. त्याला घरून वाईट बातमी आली काय, परीक्षेत नापास झाला काय, मायनं जेवायला वेळेवर दिलं नाही काय. किराणावाला तर साबण बदलून द्यायला आला. मायनं सगळ्यांसमोर त्याला विचारलं. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. त्यानंतर मी त्याला काही शिकवलं नाही.

घरात तो पहिल्या महिन्यातच रुळला. त्यांच्याकडे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा खातात. आमच्या ज्वारीच्या कण्या त्यानं पाहिल्या आणि मायला म्हणाला, पाणी थोडं कमी टाक. मायनं टाकलं. तो त्या घट्ट कण्या हातानं तोडून ताकात बुडवून खायला लागला आणि मायनं त्या दिवसापासून कण्या तशाच करायला सुरुवात केली. माझ्या घशाखाली उतरत नव्हत्या. मी तक्रार केली तर माय म्हणाली, “एकाच्या चवीनं नाही चालत घर.” आमच्या घरात त्या वेळी तीनच माणसं होती, पण तो एक कोण हे तिनं सांगितलं नाही.

तो ताट उचलायचा, घासायचा. म्हशीची धार काढायचा. मायला दुपारी झोप लागली असेल तर दार न वाजवता मागून यायचा. मिठाचा डबा, हळदीचा डबा, सुईदोरा, म्हशीचं औषध, सगळं त्याला ठाऊक. माय शेतात असली की मी त्याला फोन करून विचारायचो, “साखर कोठी हाय बे?” तो कॉलेजच्या प्लॉटमधून सांगायचा, “वरच्या फळीवर, डाव्या हाताले. अन् झाकन लाव, मुंग्या होतात.”

सुट्टीच्या दिवशी तो दुकानात येऊन बसे. याचा धंद्याला काय फायदा झाला ते सांगतो. एक शेतकरी तुरीवर मारायला औषध मागत आला. मी डबा काढून ठेवला. ह्यानं त्याची झोप, घर, बैल, सगळं विचारून झाल्यावर म्हटलं, झाड आणलंय का? त्यानं गाडीच्या डिकीतून वाळकं झाड काढलं. ह्यानं खोड उभं चिरलं. आत काळी रेघ होती. “हे आता औषधानं नाही जात दादा. पुढच्या साली त्या वावरात तूर नको. लावलीच तर ज्वारी संग लाव.” शेतकरी हात जोडून निघून गेला. मी डबा परत फळीवर ठेवला. असं त्या मोसमात कितीदा झालं ते मी मोजलं नाही, पण फळीवरचे डबे मला तोंडपाठ झाले.

माय त्याला एकदा हिवरा आश्रमाला घेऊन गेली. तिथल्या पंगतीत ही एवढी मोठी रांग. हा बुंदी वाढायला उभा राहिला आणि प्रत्येक पानाशी थांबून, “घरी सगळे बरे?” मागून भाजीवाला, पुरीवाला, वरणवाला सगळे त्याच्या पाठीला येऊन अडकले. शेवटी एका म्हाताऱ्या सेवेकऱ्यानं त्याच्या हातातली बादली काढून घेतली आणि म्हटलं, “तू पानी वाढ बाप्पू. पान्याले घाई नाही.”

आता त्या फॉर्मकडे येतो.

त्याची भारतात राहायची मुदत डिसेंबरअखेर संपत होती. प्लॉटमधली तूर जानेवारीत निघणार, त्यानंतर प्रबंध, त्यानंतर तोंडी परीक्षा. मुदत वाढली नाही तर त्याला तूर उभी टाकून, पदवी न घेता परत जावं लागलं असतं. दोन वर्षांची रजा पाण्यात, आणि खात्यात हा शिकायला गेला आणि तसाच आला असं झालं असतं. त्यानं अर्ज केला होता. पत्त्यावर पोलिसांची चौकशी होऊन, हा माणूस इथंच राहतो, असा अहवाल गेला की काम होणार होतं. हे सगळं त्यानं मला सांगितलं होतं. मी तेव्हा मोबाइलवर सोयाबीनचा भाव बघत होतो.

डिसेंबरच्या मधोमध एका सकाळी गावात मोटारसायकलवर हवालदार आला. खाकी कपडे, हातात फाइल.

आमच्या गावाची एक सवय आहे. खाकीतला माणूस कुणाची चौकशी करत आला की उत्तर ठरलेलं असतं. ज्याची चौकशी तो गावाला गेलेला असतो. फारच आपला माणूस असेल तर तो मुळात जन्मलेलाच नसतो. भांडण असो, काही असो, आधी खाकी गावाबाहेर घालवायची, मग त्या माणसाला काय केलंस म्हणून विचारायचं. ह्यात कुणी कुणाला काही सांगावं लागत नाही.

हवालदारानं ओट्यावर बसलेल्या आबाजींना विचारलं, “इथं कोणी परदेशी विद्यार्थी राह्यते काय?”

“परदेशी?” आबाजी म्हणाले. “नाही बाप्पा. आमच्या गावात नळ धड येत नाही, परदेशी कुठून येईन?”

काकू म्हणाल्या, कधी पाहिलाच नाही. किराणावाला म्हणाला, एक होता म्हणतात, इंग्रजांच्या वेळेस. हवालदार आमच्या अंगणात आला तेव्हा माय म्हशीला पेंड घालत होती.

“इथं मी, माहा लेक न ही म्हैस,” माय म्हणाली. “चौथं कोनी नाही.”

हवालदारानं फाइल उघडून फोटो दाखवला. “मग हा कोन?”

मायनं पाहिलं. “हा तर माहा लेक.”

“हा टांझानियाचा हाय.”

“कुठचा?”

इकडे आबाजींनी तोवर मला दुकानात फोन केला होता. “घरी येऊ नको. पोलीस आले. खुशालीवाल्याले इचारून राह्यले. अन् तुहा फोटो हाय त्याईच्या जवळ.” मी काय करावं? घरी जायला हवं होतं. मी दुकानाचं शटर ओढलं आणि थेट कॉलेजच्या प्लॉटवर गेलो. तो तुरीच्या ओळीत वाकून पाटीवर काहीतरी लिहीत होता.

“दोन घंटे इथंच राह्य,” मी म्हटलं. “घरी पोलीस आले. आम्ही सांगतलं, तू नाही म्हनून.”

तो उभा राहिला. “कोन सांगतलं?”

“सगळ्याईनं. काळजी नको करू.”

त्यानं पाटी खाली ठेवली. “मी बारा दिवस झाले त्याईचीच वाट पाहून राह्यलो,” तो म्हणाला. “मी घरी नाही भेटलो तर मले जा लागते.”

मग म्हणाला, “चाल.” आणि माझ्या गाडीवर बसला.

त्या वाटेवर त्यानं कुणाला काही विचारलं नाही. वाटेत शाळेचे शिपाई भेटले, दूधवाला भेटला, एस.टी.चा तोच ड्रायव्हर समोरून गाडी घेऊन आला आणि त्यानं हात केला. मागं बसलेला माणूस गप्प. मला त्या शांततेचीच भीती वाटली. तोवर मला ते सगळं गंमतच वाटत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा हवालदार ओट्यावर कागद ठेवून शेवटची ओळ लिहीत होता. मी उडी मारून उतरलो आणि बोलायला तोंड उघडलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं. शर्टवरची माती झटकली. आणि म्हणाला,

“राम राम साहेब. रात्री झोप लागली?”

हवालदारानं वर पाहिलं. “आँ?”

“घरी सगळे बरे?”

“बरे हायत.”

“लेकरं बरी? आईचं बरं?”

“बरं हाय. तुम्ही कोन?”

“शेती बरी?”

हवालदाराचा पेन थांबला. “कायची बरी,” तो म्हणाला. “आमच्या गावी, वरवट बकालले, भाऊ करते शेती. उभी तूर सुकून राह्यली. दोन फवारे झाले.”

“पूरं झाड सुकते का एक फांदी आधी?”

“आधी एक फांदी. मंग पूरं.”

“भाऊ वावरात हाय आता? लावा फोन.”

त्यानंतर पाऊण तास आमच्या ओट्यावर काय झालं ते पोलीस खात्याला कळू नये. हवालदारानं व्हिडिओ कॉल लावला. तिकडे भावानं कोयत्यानं खोड चिरलं. काळी रेघ सगळ्यांना दिसली, अगदी किराणावाल्यालाही. खुशालीवाल्यानं आधी त्या भावाची झोप, घर, बैल विचारले, मग वाळकी झाडं उपटून बांधावर न टाकता जाळायला सांगितलं, वावर बदलायला सांगितलं, पुढच्या वर्षी बियाण्याला काय चोळायचं ते सांगितलं. मधेच आत जाऊन सगळ्यांना चहा करून आणला. हवालदारानं फोन ठेवला, चहाचा घोट घेतला आणि त्याला नीट पाहिलं.

“परदेशी तुम्ही?”

“हाव.”

“मंग हा कोन?” त्यानं फाइलमधला फोटो माझ्या तोंडाशेजारी धरला.

मी सांगितलं. नावाचा रकाना, फोटो, जन्मतारीख, सगळं. हवालदार ऐकत होता. मधे त्यानं एकदाच विचारलं, “शिक्षण काय झालं तुमचं?” मी सांगितलं. त्यानं ते कुठं लिहून घेतलं नाही, हे त्याचे उपकार.

लिहिलेली ओळ त्यानं खोडली. पण हा माणूस इथंच राहतो असं सांगणारे दोन पंच हवे होते, शेजारचे. सगळ्यांनी आबाजींकडे पाहिलं.

“आबाजी,” हवालदार म्हणाला, “घंट्याभराआधी तर तुम्ही म्हने कोनी परदेशी पाह्यलाच नाही.”

आबाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं, परत घातली. “तुम्ही परदेशी इचारलं साहेब,” ते म्हणाले. “हा तर आपला खुशालीवाला हाय. याच्याबद्दल इचारलं असतं तर सांगतलं असतं.”

“अन् काकू तुम्ही?”

“मी तर म्हननारच होती,” काकू म्हणाल्या आणि सही करायला हात पुसून पुढं आल्या.

मुदत वाढली. तूर निघाली. परीक्षेला बाहेरून आलेल्या पाहुण्या प्राध्यापकांनी शेवटी विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे? त्यानं विचारलं. प्राध्यापकांची गाडी चुकली म्हणतात. जायच्या दिवशी गाडी मलकापूरहून रात्री आठला होती. तो गावाचा निरोप घ्यायला आदल्या दिवशी दुपारी निघाला, तरी दोन घरं राहिली. ती आता तो फोनवरून पुरी करतो. दर रविवारी सकाळी मायला त्याचा व्हिडिओ कॉल येतो. म्हैस समोर आणून दाखवावी लागते, वासरू दाखवावं लागतं, चौकटीवरची गोधडी आहे का ते विचारतो. सगळ्यात शेवटी, फोन ठेवता ठेवता, “अन् तो बरा?” माय म्हणते, “हाय तसाच हाय.”

गेल्या महिन्यात त्याच हवालदाराचा फोन आला. भावाची तूर यंदा ज्वारीसोबत लावली, बरी आहे म्हणाला. मग म्हणाला, तुमच्या नावाची ती जुनी नोंद अजून निघालेली नाही. टांझानियाचा एक माणूस तुमच्या पत्त्यावर मुदत संपूनही राहून राहिला असं दिसतंय. मंगळवारी येतो, एक जबाब द्या म्हणजे काढून टाकू.

माय ओसरीत सुपात डाळ पाखडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं आणि चहा करायला आत गेलो. वरची फळी पाहिली, खालची पाहिली. मग आतूनच विचारलं, “माय, साखर कोठी हाय?”

सुपाचा आवाज थांबला.

“त्या पोलिसाले सांग,” माय म्हणाली, “फॉर्म बरोबरच भरला होता तुनं. परदेशी अजून इथंच राह्यते.”